टीडीए२०३०एवर घरचा ॲम्प्लिफायर: पहिल्यांदाच सोल्डर आयर्न धरणाऱ्यांसाठी

ॲम्प्लिफायर बांधायला बसलं की कधी एकदा स्पीकर लावतो आणि गाणं ऐकतो असं होऊन जातं. मलाही झालं होतं. अकरावीत असताना इंदिरानगरच्या घरी मी पहिला बोर्ड जोडला, वडिलांच्या जुन्या टेपरेकॉर्डरमधला स्पीकर काढून थेट लावला आणि बटण दाबलं. 'ठप्' असा एक आवाज आला, स्पीकरचा कागद पुढे येऊन तिथेच ताठ उभा राहिला आणि थोड्याच वेळात जळका वास सुटला. गाणं वाजलंच नाही. आउटपुटवर सतत डीसी (एकाच दिशेने ढकलणारा करंट) येत होता आणि मल्टिमीटरच्या दोन वायरी आधी लावून बघितल्या असत्या तर तो लगेच दिसला असता.

म्हणून इथली सगळी बांधणी एका ठरलेल्या क्रमाने आहे. आधी नुसता पॉवर सप्लाय, मग बोर्ड, मग मीटर, मग स्पीकरच्या जागी रेझिस्टन्स आणि अगदी शेवटी स्पीकर. हा क्रम मोडू नका, बाकी कशातही तुमच्या सोयीने बदल करा.

काय बांधायचं

टीडीए२०३०ए हा पाच पायांचा आयसी. इटलीच्या एसजीएस कंपनीचा मूळ टीडीए२०३० खूप जुना, पण शिकायला अजूनही उत्तम: स्वस्त आहे, सहज मिळतो, आउटपुट शॉर्ट झालं किंवा आयसी फार तापला तर स्वतःला वाचवायची सोय त्याच्या आतच आहे. १२-०-१२च्या (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना १२-१२ व्होल्ट देणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरवर ८ ओहमच्या स्पीकरला तो साधारण १० वॅट देतो. आकडा ऐकून नाक मुरडू नका. घरात ठेवायचा साधारण स्पीकर १ वॅटला एक मीटरवर ८६-८८ डेसिबल आवाज देतो. १० वॅटला त्यात आणखी १० डेसिबलची भर पडते. फ्लॅटच्या हॉलमध्ये एवढा आवाज कमी पडत नाही.

आधी एकच चॅनेल बांधा. तो नीट झाला की दुसरा एका संध्याकाळचं काम आहे.

सामान

नाशिकमध्ये पार्टसाठी एमजी रोडला जायचं. यादी कागदावर लिहून न्या, काउंटरवर गर्दी असते. आयसीच्या अंगावर शेवटचं 'ए' छापलंय का ते स्वतः वाचा. साध्या टीडीए२०३०ची कमाल मर्यादा अधिक-उणे १८ व्होल्ट, 'ए'ची २२ व्होल्ट. हा फरक आपल्याला थेट लागू पडतो. १२ व्होल्ट एसीला १.४१ने गुणलं की जवळपास १७ येतात. डायोडमध्ये थोडे जातात, पण लोड नसताना ट्रान्सफॉर्मर छापलेल्यापेक्षा जास्तच देतो, आणि रात्री लाइन २४० च्या वर गेली की १८ व्होल्टची रेषा ओलांडलीच म्हणून समजा. साधा २०३० तिथे कायम काठावर राहतो.

ट्रान्सफॉर्मर १२-०-१२, ३ ॲम्पिअरचा घ्या आणि हातात तोलून बघा. खऱ्या ३ ॲम्पिअरच्या ट्रान्सफॉर्मरचं वजन किलोच्या आसपास भरतं. तळहातावर खेळण्यासारखा लागला तर आत तांबं आणि लोखंड कमी आहे, लेबलवर काहीही लिहिलेलं असो.

बाकी यादी अशी: एक ब्रिज रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) किंवा चार १एन५४०८ डायोड, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन कॅपॅसिटर, १०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन, २२ मायक्रोफॅरडचा एक, १ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर एक, १०४ छापलेले दोन (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड), २२४ छापलेला एक (म्हणजे ०.२२). रेझिस्टन्समध्ये २२ के (के म्हणजे हजार ओहम) दोन, ६८० ओहम एक, अर्ध्या वॅटचा १ ओहम एक, २.२ के अर्ध्या वॅटचे दोन. १एन४००७ डायोड दोन. आवाज कमी-जास्त करायला १० केचा लॉग पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टन्स. ८.२ ओहम १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टन्स. हाच आपला खोटा स्पीकर. हीट सिंक (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा), मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा), नायलॉनचा बुश. तीन पिनांची मेन कॉर्ड, फ्यूज होल्डर आणि ५०० मिलिॲम्पिअरचा स्लो ब्लो फ्यूज. ठिपक्यांचा डॉट पीसीबी.

आणि एक गोष्ट जी दुकानदार विचारणार नाही: फिलामेंटचा साधा ६० वॅटचा बल्ब. हल्ली शोधावा लागतो, पण एलईडी बल्ब इथे अजिबात चालत नाही. का ते लगेच सांगतो.

आधी नुसता पॉवर सप्लाय

एका लाकडी पट्टीवर बल्बचा होल्डर आणि एक सॉकेट बसवा. फेजची वायर आधी बल्बमधून आणि मग सॉकेटमध्ये जाऊ द्या. याला सिरीज बोर्ड म्हणतात आणि जुन्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या टेबलावर तो हमखास दिसायचा. फिलामेंट थंड असताना त्याचा रेझिस्टन्स कमी असतो आणि तापलं की कित्येक पटींनी वाढतो. सर्किट ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंदावतो. कुठे शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटून राहतो आणि सगळा करंट स्वतःवर घेतो. तुमचा ट्रान्सफॉर्मर, डायोड, आयसी वाचतात. पहिल्यांदा चालू करायची प्रत्येक गोष्ट या बोर्डातूनच चालू करायची.

मेनच्या कामात रबरी चप्पल पायात हवी, घरात दुसरं कोणीतरी असायला हवं, आणि प्लग सॉकेटमधून पूर्ण काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवल्याशिवाय आत हात घालायचा नाही. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असल्याचं मी स्वतः पाहिलंय.

ट्रान्सफॉर्मरच्या वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका. मीटर ओहमवर लावा: मेनच्या बाजूला काही दहा ओहम दिसतील, १२-०-१२ च्या बाजूला ओहमभर किंवा त्याहून कमी. मेनच्या बाजूला फेजमध्ये फ्यूज. दुसऱ्या बाजूच्या दोन टोकांच्या वायरी ब्रिजच्या एसी पायांना. मधली वायर, म्हणजे आपला झिरो, दोन्ही ४७०० च्या सांध्यावर.

इथे नवखे एकच चूक पुन्हा पुन्हा करतात. प्लसच्या बाजूच्या कॅपॅसिटरचा प्लस पाय ब्रिजच्या प्लसला आणि मायनस झिरोला, हे सगळ्यांना जमतं. मायनसच्या बाजूच्या कॅपॅसिटरचा मात्र प्लस पाय झिरोला जातो आणि पट्टीचा, म्हणजे मायनस, पाय ब्रिजच्या मायनसला. झिरो हा मायनस बाजूपेक्षा वरच्या व्होल्टेजला आहे, म्हणून. उलटा लागला तर कॅपॅसिटर फुगतो आणि डोक्यावरच्या खाचेतून फुटतो. चालू करण्याआधी दोन्ही कॅपॅसिटरच्या पट्ट्यांवर बोट ठेवून मोठ्याने म्हणा: ही पट्टी झिरोला, ही पट्टी मायनसला.

प्रत्येक ४७०० ला समांतर एक २.२ के लावा. बंद केल्यावर त्यातून कॅपॅसिटर साधारण मिनिटभरात रिकामा होतो. नाहीतर तासाभराने बोर्डाला हात लावाल तेव्हाही ठिणगी उडेल आणि त्यात आयसी जाऊ शकतो.

आता सिरीज बोर्डातून चालू करा. झिरोच्या तुलनेत एका बाजूला अधिक १७-१८, दुसऱ्या बाजूला उणे तेवढेच दिसले की पॉवर सप्लाय झाला. दोन्ही आकड्यांत पाव-अर्धा व्होल्ट फरक चालतो.

बोर्ड

छापील अक्षरं तुमच्याकडे आणि पाय खाली असा आयसी धरला की डावीकडून पहिला पाय इनपुट, दुसरा उलट इनपुट, तिसरा मायनस सप्लाय, चौथा आउटपुट, पाचवा प्लस सप्लाय.

पॉटच्या मधल्या पायातून १ मायक्रोफॅरड, तिथून पाय १. पाय १ वरून एक २२ के झिरोला. पाय ४ वरून दुसरा २२ के मागे पाय २ ला. पाय २ वरून ६८० ओहम, त्याच्या पुढे २२ मायक्रोफॅरड, मग झिरो. कॅपॅसिटरचा प्लस ६८० कडे. आउटपुटवरून १ ओहम आणि ०.२२ एकापुढे एक जोडून झिरोला. बेल लॅब्समधल्या ओटो झोबेल यांच्या नावावरून या जोडीला झोबेल म्हणतात. स्पीकर आणि लांब वायरीमुळे आयसी कानाला ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर थरथरू नये म्हणून ती असते. शेवटी दोन डायोड: एकाची पट्टी प्लस सप्लायला आणि दुसरं टोक आउटपुटला, दुसऱ्याची पट्टी आउटपुटला आणि दुसरं टोक मायनस सप्लायला.

१०४चे कॅपॅसिटर पाय ५ आणि पाय ३ च्या अगदी बुडाशी एकेक लावा, सेंटिमीटरच्या आत, दुसरं टोक झिरोला. तीन-चार सेंटिमीटर लांब ठेवले तर ते असून नसल्यासारखे. १०० मायक्रोफॅरडचे त्यांच्या शेजारी.

सोल्डर लावताना आयर्न आधी पायाला आणि ठिपक्याला एकदम टेकवा, दोन सेकंद थांबा आणि मग तार लावा. सोल्डर पसरून चकाकला पाहिजे. वर नुसता गोळा बसला तर तो डाग कच्चा आहे, आज वाजेल आणि पावसाळ्यात खरखरेल.

झिरोच्या वायरी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घरी बांधलेला ॲम्प्लिफायर घूं-घूं करतो तेव्हा लोक आयसी बदलतात, महाग कॅपॅसिटर आणतात. दोष बहुतेक वेळा झिरोच्या वायरी कशा नेल्यात त्यात असतो.

कॅपॅसिटर सलग भरत नाहीत. सेकंदाला शंभर वेळा, थोड्या थोड्या वेळासाठी, चार-पाच ॲम्पिअरचे झटके घेऊन भरतात. बारीक वायरीचा, समजा ०.२ चौरस मिलिमीटरचा, दहा सेंटिमीटर तुकडा घ्या. त्याचा रेझिस्टन्स साडेआठ मिलिओहम. त्यातून ५ ॲम्पिअर गेले की ४० मिलिव्होल्टच्या पुढे पडतात. तुमच्या इनपुटचा झिरो याच तुकड्यावर जोडलेला असेल तर आयसीला ते ४० मिलिव्होल्ट म्हणजे गाणंच वाटतं आणि तो त्याला तेहतीसने गुणतो. स्पीकरवर सव्वा व्होल्टची घरघर. सोसायटीत एकाच पाइपवर दोन मजले असले की खालच्याने नळ सोडताच वरच्याची धार बारीक होते, तसंच हे.

म्हणून दोन झिरो वेगळे ठेवा. इनपुट वायरीची शिल्ड (बाहेरची जाळी), पॉटचा तळाचा पाय, पाय १ चा २२ के आणि २२ मायक्रोफॅरडचं टोक हे सगळे एका जागी: हा लहान झिरो. स्पीकरची परतीची वायर, झोबेल आणि १०० मायक्रोफॅरडचे झिरो हा मोठा. दोन्हींकडून स्वतंत्र वायर निघून दोन ४७०० च्या मधल्या सांध्याजवळ एकाच बिंदूवर मिळू द्या. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर थेट कॅपॅसिटरच्या सांध्यावर, आणि हा बिंदू त्या सांध्यापासून दोन-तीन सेंटिमीटर जाड वायरीने पुढे काढलेला. भरण्याचे झटके ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर यांच्यातच फिरतात, तुमच्या बिंदूवर येत नाहीत.

हीट सिंक

आयसीची धातूची पाठ आतून पाय ३ ला, म्हणजे मायनस सप्लायला जोडलेली असते. डबा धातूचा असेल आणि मायका विसरलात तर स्क्रू आवळताच मायनस सप्लाय डब्यावर शॉर्ट. मायका, दोन्ही बाजूंना पेस्टचा अगदी पातळ थर, स्क्रूला नायलॉनचा बुश. मग मीटर बीपवर लावून एक वायर पाठीला, दुसरी सिंकला. बीप आली तर पुन्हा उघडा.

सिंक केवढा? या सप्लायवर ८ ओहमला आयसी स्वतः जास्तीत जास्त साडेसहा वॅट उष्णता टाकतो. वॅटमागे ४ अंश तापणारा सिंक घेतला तर तो खोलीपेक्षा २६ अंश वर जाईल. एप्रिल-मेमध्ये नाशिकला पारा ४० ला टेकतो, म्हणजे सिंक ६६ अंशांवर. हात टिकणार नाही, पण आयसीला चालतं. स्पीकर ४ ओहमचा लावला तर हीच उष्णता दुप्पट होते, म्हणून पहिल्या ॲम्प्लिफायरला ८ ओहमच ठेवा. सरकत्या खिडक्या बनवणाऱ्यांकडे ॲल्युमिनियम सेक्शनचे उरलेले तुकडे असतात. पंख असलेला सिंक नाही मिळाला तर तीन-चार मिलिमीटर जाडीची तळहाताएवढी पट्टीसुद्धा सुरुवातीला भागवते.

पहिल्यांदा चालू करताना

स्पीकर नाही. पॉट पूर्ण खाली. सिरीज बोर्ड जोडलेला. मीटर डीसीवर, पाय ४ आणि झिरोमध्ये.

चालू करा. वीस-तीस मिलिव्होल्टपर्यंत काहीही दिसलं तर छान. शंभरच्या वर असेल तर थांबा. १५-१६ व्होल्ट दिसत असतील तर आउटपुट एका बाजूला जाऊन चिकटलंय. पाय २ चा मागचा २२ के सुटलाय का, ठिपक्यांमध्ये सोल्डरचा पूल झालाय का, २२ मायक्रोफॅरड शॉर्ट आहे का, हे याच क्रमाने बघा. माझ्या त्या पहिल्या बोर्डावर पाय २ चा डाग कच्चा होता, एवढंच.

आता प्लसच्या वायरीत मीटर मिलिॲम्पिअरवर लावा. गाणं नसताना ४० ते ८० मिलिॲम्पिअर अपेक्षित. दीडशे-दोनशे दिसत असतील आणि सिंक उगाच गरम होत असेल तर आयसी थरथरतोय: १०४ जवळ घ्या, झोबेल तपासा, इनपुट आणि आउटपुटच्या वायरी एकमेकींपासून दूर करा.

हे जमलं की ८.२ ओहमचा रेझिस्टन्स आउटपुटला लावा, फोनवर टोन जनरेटरचं ॲप घ्या आणि २०० हर्ट्झचा टोन सोडा. फोनचे दोन्ही चॅनेल एकत्र करायचे असतील तर प्रत्येकात १ के लावा, थेट पिळू नका. मीटर एसीवर. पॉट हळूहळू वाढवा. ९ व्होल्ट आले की ९ गुणिले ९ भागिले ८.२, म्हणजे ९.९ वॅट. त्यापुढे पॉट फिरवूनही आकडा रेंगाळायला लागला की समजा लाटेची डोकी कापली जाताहेत. पांढरा रेझिस्टन्स चांगलाच तापतो. टेबलाच्या सनमायकावर ठेवू नका, फरशीच्या तुकड्यावर ठेवा.

सिरीज बोर्ड काढून, थेट मेनवर, डीसी पुन्हा एकदा मोजा. आणि आता स्पीकर लावा. पहिल्या दिवशी जुना, गेला तरी वाईट वाटणार नाही असा.

ऐकू लागल्यावरचे बदल

घूं-घूं असेल तर पॉट आणि १ मायक्रोफॅरडच्या जोडावरून लहान झिरोला एक छोटी वायर लावून इनपुट शॉर्ट करा. आवाज गेला तर तो इनपुटच्या वायरीतून किंवा फोनच्या चार्जरमधून येतोय. राहिला तर झिरोची वाट पुन्हा बघा. खोल, मऊ आवाज बहुधा ५० हर्ट्झचा असतो आणि ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकी क्षेत्रातून येतो: ट्रान्सफॉर्मर सैल करून ९० अंशांत फिरवत ऐका, एका कोनात तो विरतो. करकरीत घरघर १०० हर्ट्झची, म्हणजे रेक्टिफायरची.

दुसरा बदल मी प्रत्येकाला करायला सांगतो. २२ के आणि ६८० ओहम मिळून गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, होतो तेहतीसपट. फोन सहज अर्धा व्होल्ट देतो, म्हणजे आउटपुटला १६ व्होल्ट हवेत, आणि आपल्याकडे आहेत ९. पॉट पूर्ण वर जायच्या आतच आवाज फाटतो आणि मागची हिस्सही जास्त ऐकू येते. ६८० च्या जागी १.२ के लावा. गेन एकोणीसपट, साधारण पावणेसव्वीस डेसिबल. त्याहून खाली जाऊ नका; या आयसीला २४ डेसिबलपेक्षा जास्त गेन लागतो, नाहीतर तो थरथरायला लागतो.

स्पीकर चार इंची असेल तर १ मायक्रोफॅरड काढून ०.२२ लावा. कापण्याची रेषा ७ हर्ट्झवरून ३३ हर्ट्झवर येते. लहान कागदाला जे वाजवताच येत नाही ते त्याला पाठवणं बंद होतं आणि ढोल-ताशाच्या रेकॉर्डिंगवर तो धडपडत नाही. माझ्या मते शंभर रुपयांच्या 'ऑडिओ ग्रेड' कॅपॅसिटरपेक्षा या दहा रुपयांच्या बदलाने जास्त फरक पडतो.

डबा भांडी बाजारातून आणा. झाकणाचा चौकोनी ॲल्युमिनियमचा डबा तिथे मिळतो, ड्रिलने सहज भोकं पडतात. मेन कॉर्डच्या भोकाला रबरी ग्रोमेट, आत वायरीला गाठ नको तर क्लॅम्प, आणि हिरवी अर्थिंगची वायर रिंग टर्मिनलने डब्याच्या उघड्या धातूला घट्ट स्क्रूने. रंग किंवा पॉलिश असेल तर तेवढी जागा घासून घ्या. झिरोचा बिंदू डब्याला एकाच जागी जोडा.

दुसऱ्या चॅनेलसाठी हाच बोर्ड पुन्हा बांधा, सिंकवर प्रत्येक आयसीला आपापला मायका. ट्रान्सफॉर्मर तोच चालेल, पण दोन्ही चॅनेलच्या झिरोच्या वायरी त्याच एका बिंदूवर आणा, एका बोर्डावरून दुसऱ्यावर नेऊ नका.

पुढे जास्त ताकद हवी झाली तर एलएम१८७५ बघा. पायांचा क्रम हाच आहे आणि ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ चा चालतो, फक्त कॅपॅसिटर ५० व्होल्टचे करा. त्याच्याही पुढे एलएम३८८६, अकरा पायांचा. तो बांधाल तेव्हा आठवा पाय म्यूटचा आहे हे ध्यानात ठेवा: त्यातून किमान अर्धा मिलिॲम्पिअर मायनस सप्लायकडे ओढला नाही तर आयसी गप्प बसतो, आणि चांगला आयसी जळला समजून कचऱ्यात जातो.